बाबा, शिंजीर गेलेला नाही

सिडनी, २८ जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न.

सव्वीस जानेवारीची सुट्टी इथेही असते, ऑस्ट्रेलिया दिनाची. यंदा ती सोमवारी आली, सलग तीन दिवस मिळाले आणि आमच्या पक्षीमंडळातले बारा जण लीटनला जाऊन आलो. फोनवर मी नुसतं "मजा आली" म्हटलं, कारण आईचं अर्धं लक्ष गॅसकडे होतं आणि बाबा, तुम्ही तीनदा "काय?" विचारलंत. म्हणून लिहायलाच बसले.

लीटन सिडनीहून साधारण साडेपाचशे किलोमीटर. मरमबिजी नदीच्या कालव्यांवर वसवलेलं गाव. कॅनबेराचा आराखडा ज्यांनी काढला त्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनीच याचाही काढला, पण आम्ही गाव फारसं पाहिलंच नाही. बाहेर पडलं की धान! बाबा, एकेक बांधी एवढी की आपलं अख्खं शेत तिच्या कोपऱ्यात मावेल. रोवणीची भानगडच नाही. ऑक्टोबरात बी पेरतात, कितीतरी ठिकाणी विमानातून, पाणी भरलेल्या शेतात. कापणी एप्रिलच्या आसपास. धुऱ्यावर एक माणूस दिसेना, तेव्हा मला जरा उदासच वाटलं. शेतात शिरण्याआधी बूट घासून धुवायचे, एका शेतातलं तण किंवा रोग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. हे मात्र आवडलं.

आम्ही गेलो होतो बिटर्नसाठी. बगळ्याच्याच गोतावळ्यातला, तपकिरी, रेघारेघांचा. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो आणि गवतात गवत होऊन जातो. जात संकटात आहे. पाणथळी आटत गेल्या आणि त्याने या धानाचा आसरा घेतला. पिल्लंही इथेच वाढवतो. अडचण अशी की पिल्लं उडायच्या आत शेतातलं पाणी सोडून कापणी सुरू झाली तर सगळं मुसळ केरात. म्हणून काही शेतकरी पाणी लवकर भरतात आणि शेवटपर्यंत राखतात. पाणी वाचवायला ते उशिरा भरण्याची पद्धतही आता आली आहे. ती शेतकऱ्याच्या सोयीची, पक्ष्याच्या नाही. कोणाला दोष द्यायचा? तुम्ही असतात तर त्या शेतकऱ्याशी तासभर बोलला असतात.

शनिवारी संध्याकाळी आम्ही बांधावर गप्प बसलो. दिवसभराचं ऊन उतरलं होतं, डास मात्र कामावर हजर. आमच्यात एक आजोबा आहेत, ८१ वर्षांचे, दोन्ही कानांत मशीन. अंधारता अंधारता त्यांनीच हात वर केला. मग आम्हालाही ऐकू आलं: रिकाम्या मडक्यात कोणी हळूच फुंकावं तसा घुमारा. थांबून पुन्हा. इथल्या जुन्या कथांमधलं पाणथळीतलं भूत, बन्यिप, ते या आवाजातूनच जन्मलं असावं असं म्हणतात. बसल्या जागी माझ्या अंगावर काटा आला. पक्षी दिसला नाहीच. तरी रात्री यादी वाचताना "फक्त ऐकला" म्हणून त्याची नोंद झाली.

आजोबांना आधी कसं ऐकू आलं, हे मी विचारलं. म्हणाले, वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज जातात, खर्जातले टिकतात. त्यांच्या बागेत थॉर्नबिल नावाचे चिमुकले पक्षी यायचे, त्यांची किणकिण हळूहळू बंद झाली. हे पक्षी आता या भागातून गेलेच, असं ते चार वर्षं सगळ्यांना सांगत होते. मशीन लावलं त्या सकाळी कळलं, ते कुठेच गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फाइव्हबाव नावाच्या पाणथळीवर ब्रोल्गा पाहिले, सारसाचे चुलतभाऊ. सारसाची लाली मानेवर उतरते, यांची डोक्यावरच थांबते आणि पाय राखाडी. एक जोडी पंख पसरून उड्या मारत होती, नाचच तो. सायबेरियातून आलेले तुतवारही चिखलात चोची खुपसत होते. पण खरं सांगू, माझं लक्ष आजोबांच्या त्या बोलण्यातच अडकलं होतं.

बाबा, गेल्या दिवाळीपासून तुम्ही म्हणताय की जास्वंदीवर शिंजीर येत नाही. आई म्हणते, रोज येतो, सकाळी चिवचिवून डोकं उठवतो. मी दोघांचं ऐकून सोडून देत होते. कपाटातल्या वरच्या खणात, चष्म्याच्या जुन्या डबीशेजारी तुमचं मशीन आहे. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज फार टोचेल, आजोबांनाही टोचला होता. आई, तेवढे दिवस ताटं जरा हळू ठेव.

सकाळी सातला खुर्ची टाकून जास्वंदीजवळ बसा आणि रविवारी मला सांगा, आला होता का.

तुमची,
धाकटी