लकडी पुलावरचा सूर्यास्त आम्हाला परत द्या

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार. पत्र लिहायची सवय नाही, पण परवापासून झोप नाहीये म्हणून लिहितोय.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पंधरवड्याने डॉक्टर म्हणाले आता बाहेर न्यायला हरकत नाही, तर ती म्हणाली मला लकडी पुलावर ने, सूर्य बुडताना बघायचाय. आई पुण्यात नारायण पेठेत वाढलेली, आता ७४ वर्षांची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा हा पूल पाण्याखाली गेलेला आणि वाड्यातली सगळी माणसं पर्वतीकडे पळाली, हे ती अजून काल घडल्यासारखं सांगते. पुढे लग्न झाल्यावर बाबा आणि ती रोज संध्याकाळी याच कठड्याशी उभे राहायचे. थंडीत सूर्य म्हात्रे पुलाच्या जरा उजवीकडे उतरतो, मुठेच्या पात्रातलं पाणी तांबूस होतं, काठावरच्या बिल्डिंगा काळ्या पडत जातात आणि मग एकेक खिडकी पेटते. बाबा गेले तरी ती येत राहिली, मग दिसेनासं झालं.

परवा रिक्षातून उतरवून तिला हाताला धरून नेलं तर समोर वीस फुटी फ्लेक्स. वाढदिवसाचा. नेमका पश्चिमेच्या बाजूला, जाळीला तारेने आवळून बांधलेला, पंधरा-वीस चेहरे हात जोडून हसतायत. आई मला विचारते, अरे ऑपरेशन नीट झालं ना रे? मला काय उत्तर द्यावं सुचेना साहेब. तिला वाटलं तिच्याच डोळ्यात काहीतरी राहिलंय.

गेल्या वर्षी आम्ही सात-आठ जण तुमच्या खात्याच्या साहेबांना भेटलो होतो, त्यांनी शब्द दिला की पुलावर एकही फ्लेक्स लागणार नाही आणि म्हाताऱ्यांना टेकायला दोन बाकडी टाकू. बाकडी नाहीत. फ्लेक्स मात्र त्यानंतर मी स्वतः मोजले ते अकरा. विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ पासून आहे, हायकोर्टाने कितीदा झापलं, मग तो फ्लेक्स उतरवायला कुणाच्या परवानगीची वाट बघता?

आणि नदीकाठ सुधारायला ४४ किलोमीटर, पावणेपाच हजार कोटी, ६ मार्च २०२२ ला भूमिपूजनसुद्धा झालं. पैसे ओतून काठावर बसायच्या जागा करणार आणि जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या फुकट उभे राहून नदी बघतात तिथे चेहरे टांगणार, याला सुधारणा म्हणायचं? मैलापाणी शुद्ध करायचा जायका या जपानी संस्थेशी झालेला करार २०१६ चा, दहा वर्षं होत आली, अजून पुलावर नाकाला रुमाल लावावा लागतो. वास आम्ही सहन केला, जलपर्णी सहन केली, पात्राच्या कडेने मेट्रो आली तीही आम्हाला आवडली, तिचे दिवे पाण्यात छान दिसतात. पण आकाश कुणाच्या वाढदिवसासाठी झाकायचं? पाच वर्षांतून एकदा आमच्या दारात येता, तेव्हा आईच्या पाया पडता, मग उरलेले दिवस आम्ही कोण?

मी कोटी मागत नाहीये. एक कटर आणि एक माणूस पाठवा, अर्ध्या तासाचं काम आहे. बाकड्यांचं नंतर बघू.

येत्या रविवारी साडेपाचला मी आईला परत घेऊन येणार आहे. तिला सांगितलंय की डोळा ठीक आहे.

आपला,
नारायण पेठेतला एक नागरिक