सदास पत्र : न्यूझीलंडनं फक्त अनुदान बंद केलं नव्हतं

ॲशबर्टन, न्यूझीलंड

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या शेतकरी कंपनीच्या वार्षिक सभेत तुला बोलायचं आहे, हे वाचून फार बरं वाटलं. राहुरीला वसतिगृहात रात्र रात्र वाद घालायचास, तो आवाज आता तालुक्याला ऐकू येणार. तू विचारलंस की न्यूझीलंडनं १९८४ साली शेतीची अनुदानं बंद केली आणि तिथला शेतकरी ताठ उभा राहिला, तेव्हा आपणही खत-विजेच्या सवलती सोडायला तयार आहोत असं सभेत सांगू का? फोनवर दोन वाक्यांत उरकावं असा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसलो. माझं मत आधीच सांगतो. जरूर सांग, पण अर्धं सांगू नकोस. या देशानं देणारा हात मागे घेतला हे खरं, पण निर्यात अडवून शेतकऱ्याच्या खिशातून घेणारा हात इथं नव्हता. आपल्याकडे दोन्ही हात आहेत, आणि लोकांना दिसतो तो फक्त देणारा.

इथं नक्की काय झालं ते नीट समजून घे. ब्रिटन १९७३ साली युरोपच्या सामायिक बाजारात गेलं आणि न्यूझीलंडचं लोणी, लोकर, मटण घेणारं हुकमी गिऱ्हाईक हातचं गेलं. मग तेलाचे भाव भडकले. सरकारनं १९७८ पासून लोकर, मटण, दूध यांना किमान भावाची हमी दिली. बाजारात भाव कमी मिळाला तर वरचा फरक तिजोरीतून. शेतकऱ्यानं भाव न बघता मेंढ्या वाढवल्या. १९८२ साली तीस लाख वस्तीच्या या देशात सात कोटी मेंढ्या होत्या! ज्या डोंगरउतारावर जनावर चारू नये तिथलंही रान साफ झालं, जमिनीच्या किमती फुगल्या आणि त्या किमतीवर कर्जं निघाली.

१९८४ मध्ये डेव्हिड लाँगे यांचं सरकार आलं, अर्थमंत्री रॉजर डग्लस. तिजोरी रिकामी होती. भावहमी गेली, खताची सवलत गेली, स्वस्त कर्ज गेलं. पुढची दोन-तीन वर्षं इथली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. व्याजदर कडाडले, जमिनीचे भाव कोसळले, आणि १९८६ साली हजारो शेतकरी वेलिंग्टनला संसदेवर चालून गेले. दहा टक्के शेतकरी देशोधडीला लागतील असं भाकीत होतं. जमीन सोडावी लागली ती साधारण एक टक्क्याला. आज इथल्या शेतीच्या उत्पन्नात सरकारी आधाराचा वाटा जेमतेम टक्काभर आहे आणि दुधाचं जवळपास सगळं उत्पादन परदेशी जातं. न्यूझीलंडबद्दल तू जे काही वाचलंस त्या मजकुरात एवढंच असणार.

त्यात काय नसणार, ते मी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे कर्ज. अनुदान गेल्यावर सरकारनं शेतकऱ्याला सावकाराच्या तोंडी दिलं नाही. इथल्या सरकारी रूरल बँकेनं हजारो खात्यांची फेरमांडणी करून काही मुद्दल सोडून दिलं. ज्याला शेती सोडायचीच होती त्याला बाहेर पडताना रक्कम मिळाली. आणि शेती सोडलेल्या माणसाला बेकारभत्ता होता, पोरांना शाळा होती, आजारपणाला सरकारी दवाखाना होता. आपल्याकडे शेती सोडलेला माणूस नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागतो, काम गेलं की पुन्हा त्याच दीड एकरावर येतो. त्याला बाहेर पडायला दारच नाही.

दुसरी गोष्ट, इथल्या शेतकरी महासंघानं अनुदान बंद करायला तत्त्वतः विरोध केला नव्हता. त्यांचं म्हणणं होतं, आमचं संरक्षण काढा, पण कारखानदारांचंही काढा. ट्रॅक्टर, सुटे भाग, टायर आम्ही आयात जकातीमुळे महाग घेतो, बंदरावर आणि खाटिकखान्यात वाढीव खर्च सोसतो, तोही कमी करा. वेळ लागला, पण ते झालं. तुझ्या भाषणासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे असं मला वाटतं. सवलत सोडायची तयारी त्यांनी फुकट दाखवली नाही, तिच्या बदल्यात काहीतरी मागितलं.

तिसरी गोष्ट तर इतकी मोठी आहे की इथं कुणाला ती सांगावीसुद्धा लागत नाही. लोणी महाग झालं म्हणून निर्यात बंद करा, असं इथलं सरकार करत नाही. लोणी महाग झालं की वेलिंग्टनच्या गृहिणीही कुरकुरतात, वर्तमानपत्रं मथळे देतात, पण दूधवाल्याचा माल बंदरावर अडकत नाही.

आता तुझा कांदा घे. १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबरला थेट बंदी. लाल कांदा नुकता बाजारात येत होता. लासलगावचा भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि चाळीस टक्के शुल्क लावूनच. सप्टेंबरमध्ये ती किंमत काढली आणि शुल्क वीस टक्के केलं. ते शून्यावर यायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्याआधी २०१९ आणि २०२० ला हेच झालं होतं. पिढ्यान्‌पिढ्या आपला कांदा घेणारे बाहेरचे व्यापारी या काळात दुसऱ्या देशांकडे वळले, आणि तुटलेलं गिऱ्हाईक अधिसूचना निघाली म्हणून परत येत नाही.

सभेत हा हिशेब फळ्यावर लिही. एकरी शंभर क्विंटल उन्हाळ कांदा धर. सरकारी निर्णयानं भाव क्विंटलमागे हजार रुपयांनी पडला, तर एकरी एक लाख गेले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला तू २६६ रुपयांच्या आसपास देतोस आणि सरकार दोन हजारांच्या आसपास सोसतं. एकराला तीन गोण्या टाकल्या तरी सवलत सहा हजारांची. सहा हजार दिले आणि लाख नेले. हे सगळ्या देशाच्या पातळीवर तपासलेलंही आहे: ओईसीडी (प्रामुख्यानं श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि इक्रिअर (दिल्लीची अर्थसंशोधन संस्था) यांच्या २०१८ च्या अभ्यासात असं निघालं की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, सगळी अनुदानं जमेस धरूनही, भारतीय शेतकऱ्याचं एकूण शेतीउत्पन्न धोरणांमुळे दरसाल सरासरी चौदा टक्क्यांनी कमी राहिलं. न्यूझीलंडनं अनुदान जवळजवळ शून्यावर आणलं, तेव्हा ते वरून खाली आलं. आपण शून्याच्या खाली आहोत सदा, आपल्याला शून्यावर येण्यासाठी वर चढावं लागेल.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी उणे सबसिडी म्हणायचे ते हेच. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा देत १९८० साली आपल्या नाशिक जिल्ह्यातली माणसं रस्त्यावर बसली होती, तुझे आजोबाही त्यात होते. ज्यानं कांद्याची उलटी पट्टी पाहिली आहे, माल विकून वर आडत्यालाच हमाली-तोलाई-भाड्याचे पैसे देऊन आला आहे, त्याला हे समजावायला ओईसीडीची गरज नाही. पण सभेत कुणी साहेब येऊन ‘तुम्हाला सगळं फुकट मिळतं’ म्हणाले, तर आकडा खिशात असू दे.

युरोपचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला परवडणारं नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात माणसं भुकेनं मेली. स्वतः शेतकरी असलेले सिको मान्सहोल्ट युद्ध संपताच तिथले शेतीमंत्री झाले आणि पुढे १९६२ पासूनच्या युरोपच्या सामायिक शेती धोरणाचे शिल्पकार ठरले. भाव इतके चढे ठेवले की लोण्याचे आणि दूध पावडरीचे ढीग साचले, आणि ते अनुदान देऊन परदेशात स्वस्तात ओतले. त्यात गरीब देशांचे दूधवाले भरडले. आजही युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे एक तृतीयांश भाग शेतीवर जातो, आणि त्यातला मोठा वाटा मोठ्या जमीनवाल्यांकडे. तरी २०२४ साली चिडलेल्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर युरोपीय संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्समध्ये शिरलेच.

मला विचारशील तर आपण तैवानकडे बघायला हवं. तिथलं शिवार आपल्यासारखंच लहान, साधारण हेक्टरभराचं. आपल्या महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. या देशात ज्याच्या कळपात चारशे गाई आहेत तो मध्यम शेतकरी. त्या मापाचा अंगरखा आपल्याला कसा बसेल? तैवानमध्ये १९४९ साली कुळानं जमीनदाराला द्यायचा खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला, १९५३ साली कुळाला जमीन दिली. जमीनदाराला मोबदला दिला तो बराचसा भात आणि रताळ्याच्या हिशेबातल्या रोख्यांत आणि बाकीचा सरकारी कारखान्यांच्या समभागांत. म्हणजे शेतीतून निघालेला जमीनदाराचा पैसा कारखान्यात गेला. तैवाननंही शेतकऱ्याला पिळलं बरं का. १९७३ पर्यंत खताच्या बदल्यात भात द्यावा लागायचा आणि तो सौदा सरकारच्या फायद्याचा असायचा. पण तिथं एक गोष्ट घडली जी आपल्याकडे घडली नाही. छोटे कारखाने एकाच शहरात न गोळा होता गावोगाव पसरले. पोरगी सायकलवर कारखान्यात जायची आणि संध्याकाळी घरी यायची. घर शेतात राहिलं, पगार घरात आला, आणि भाताचा भाव पडला तरी चूल अडली नाही.

आपणही याच्या जवळ पोचलो होतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला १९५० साली साखर कारखाना उभा केला, त्याभोवती शाळा, दवाखाना, रस्ते आले. पाणी असलेल्या पट्ट्यात ते झालं. जिरायत भागात मात्र गावाजवळ रोजगार कधी आलाच नाही, आणि रोजगार हमीच्या खडी फोडण्यानं माणूस जगतो, पुढे जात नाही.

इथलंही सगळं गोड समजू नकोस. अनुदान गेल्यानंतरच्या काळात, १९८८ साली, शेकडो टपाल कार्यालयं बंद झाली. कितीतरी छोटी गावं त्या धक्क्यातून उठली नाहीत. मेंढ्या आता अडीच कोटींच्या आत आल्या आणि त्यांची जागा दुधानं घेतली. माझं रोजचं काम त्याच दुधाच्या मागे आहे: विहिरींचं पाणी तपासायचं. गाईच्या मुतातल्या आणि युरियातल्या नत्रापासून झालेलं नायट्रेट आमच्या जिल्ह्याच्या भूजलात उतरलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ११.३ मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र ही इथली कमाल मर्यादा, आणि ती ओलांडणाऱ्या विहिरी आमच्याकडे सापडतात. बाजारानं दुधाची किंमत ठरवली, पाण्याची ठरवली नाही. तुमच्या द्राक्षपट्ट्यात कूपनलिका किती खोल गेल्यात हे तूच सांगत होतास.

तेव्हा सभेत माझ्या मते दोन ठराव मांड. एक: खताच्या सवलतीबद्दल बोलायला आम्ही तयार आहोत, पण आधी निर्यातीला किमान पाच वर्षं हात लावणार नाही असं कायद्यानं लिहून द्या. शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त हवा असेल तर सरकारनं बाजारभावानं घेऊन त्याला स्वस्त द्यावा, तो खर्च सगळ्यांनी उचलायचा असतो, एकट्या निफाड-येवल्याच्या कांदेवाल्यांनी नाही. दोन: कंपनीनं कांद्याची चाळ बांधून थांबू नये, निवडणी, पावडर, पॅकिंगचं काम गावातच उभं करावं आणि त्यात सभासदांच्या मुली-सुनांना पगारी काम मिळावं. हा दुसरा ठराव तुमच्याच हातात आहे, त्यासाठी दिल्लीची वाट बघायला नको.

मसुदा तयार झाला की मला पाठव. सोबत गेल्या तीन हंगामांच्या तुझ्या आणि आणखी दहा-बारा सभासदांच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्यांचे फोटोही पाठव, आडत, भाडं, हमाली सगळं दिसेल असे. खर्च आणि भाव यांचा तक्ता मी करून देतो. सभेच्या आधी हातात पडेल.

काकूंना नमस्कार सांग. धाकटीला म्हणावं, कृषीला प्रवेश घ्यायचा असेल तर माझ्याशी एकदा बोल.

तुझा,
विनायक