टोप्या छापल्यात, घोडा कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत रॉयल अ‍ॅस्कॉटवर, म्हणजे इंग्लंडातल्या जूनमधल्या घोड्यांच्या शर्यतींवर, अर्धं पान आलं, म्हटलं चला कुणीतरी रेसबद्दल लिहिलं, तर सगळे फोटो बायकांच्या टोप्यांचे आणि खाली एक ओळ, "गोल्ड कप डर्बीच्या दिवशी". अहो, गोल्ड कप ही अ‍ॅस्कॉटची वेगळी रेस, ती म्हणजे डर्बी नव्हे! तिकडच्या डर्बीत तीन वर्षांची पोरं पळतात आणि तीही आयुष्यात एकदाच. गोल्ड कपला घोडा चार वर्षांचा नाहीतर त्याहून मोठा लागतो आणि अंतर अडीच मैल, म्हणजे जवळपास चार किलोमीटर. आपल्या महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची असते, त्यावरून बघा.

ही रेस १८०७ पासूनची. १८४४ ला रशियाचा झार निकोलस बघायला आला, त्या वर्षी जिंकलेल्या घोड्याला तोवर नावच नव्हतं, मग मालकाने पाहुण्याचा मान म्हणून त्याचं नाव 'द एम्परर' ठेवलं. झार एवढा खूष की दरवर्षी तोच ट्रॉफी द्यायला लागला आणि रेसचं नावच 'एम्परर्स प्लेट' झालं (दुसऱ्या वर्षी परत तोच घोडा जिंकला, हे एक भारीच). पुढे रशियाशी क्रिमियाचं युद्ध पेटलं, मग कसला झार नि कसली प्लेट, १८५४ ला परत गोल्ड कप! १९०७ ला तर कपच चोरीला गेला, भर रेसकोर्सवरून.

माझे मामा पुण्याला रेसच्या तबेल्यात मोतद्दार होते. रोज पहाटे घोड्याच्या पुढच्या पायावरनं गुडघ्याखाली हात फिरवून बघायचे कुठं गरम लागतंय का, लागलं की त्या दिवशी काम बंद, मालक कितीही ओरडू दे. म्हणून मला १८६६ च्या ग्लॅडिएटरचं फार वाटतं. फ्रान्सचा घोडा, आदल्या वर्षी इंग्लंडची ट्रिपल क्राऊन, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तिन्ही मोठ्या रेस, जिंकलेला, पायाने कायम अधू, आणि त्याने गोल्ड कप चाळीस लेंथने (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) मारला.

अ‍ॅस्कॉटला ही रेस स्टँडसमोरून दोनदा जाते. पहिल्यांदा नुसतेच जातात, कुणी फार ओरडत पण नाही, मग लांब वळसा, स्विनली बॉटम नावाच्या सखल भागाचा उतार आणि तिथनं शेवटपर्यंत चढ. सुरुवातीलाच सगळं उधळून बसलेला घोडा त्या चढाला थकून थांबतो. हे कळायला घोड्याला वय लागतं.

आणि मोठे घोडे परत परत येतात ना, तीच खरी मजा. येट्स २००६ ते २००९ सलग चार वेळा जिंकला, शेवटच्या वेळी आठ वर्षांचा होता. स्ट्रॅडिव्हेरियस तीनदा, त्यातलं २०२० चं दहा लेंथने, आणि बघायला पब्लिकच नाही, कोविड. आता लोकांना लवकर पैसे काढून देणारी, कमी अंतराची घोडी पाहिजेत, ब्रीडिंगचा सगळा पैसा तिकडे, त्यामुळे लांब पल्ल्याचा घोडा पैदा करायला धीर असलेला मालकच लागतो.

असा एक मालक पुणेकरांना नावाने तरी माहीत असतो, आगाखान. येरवड्याचा पॅलेस ज्यांनी १८९२ ला बांधला त्यांच्या नातवाचा एन्झेली १९९९ ला गोल्ड कप जिंकला. त्याच्याच आईची, एबाझियाची, एक मुलगी एस्टिमेट, आगाखानांनी राणी एलिझाबेथला भेट दिलेली. २०१३ ला ती फक्त मानेच्या फरकाने जिंकली, आणि गादीवर असलेल्या राजाराणीचा घोडा गोल्ड कप जिंकायची ती पहिलीच वेळ. यूट्यूबवर बघा, शेवटच्या फर्लांगला राणीच्या शेजारचा माणूस तिच्यापेक्षा जास्त उड्या मारतोय!

पुढच्या जूनला टोप्या छापाच, लेडीज डे (बायका टोप्या मिरवतात तो दिवस) आणि गोल्ड कप एकाच गुरुवारी असतात, त्यामुळे माझी काही हरकत नाही. फक्त फोटोखाली जिंकलेल्या घोड्याचं नाव आणि वय तेवढं टाका.

आपला एक जुना वाचक, पुणे