आधी घरच्यांना कळू दे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

12 जून 2025 ला अहमदाबादला विमान पडलं तेव्हा मी दापोलीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. दुपारचे दोन वाजून गेलेले, बाजूला बसलेल्या कॉलेजच्या पोराने मोबाईल पुढे केला, काका हे बघा, आणि तो काळ्या धुराचा लोट बघूनसुद्धा कुठलं काय ते कोणालाच सांगता येईना, एक म्हणाला जुना व्हिडिओ आहे, दुसरा म्हणाला मुंबईचं आहे, ते ऐकून एक बाई तिथल्या तिथे भावाला फोन लावायला लागली कारण तो मुंबईला विमानतळावर कामाला. विमानात 242 माणसं होती आणि त्यातला एकच वाचला हे नीट कळेस्तोवर रात्र झाली. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

आमच्या लहानपणी अशी बातमी माणसाच्या तोंडून यायची. 31 ऑक्टोबर 1984 ला सकाळी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या, त्या गेल्याचं बीबीसीने दुपारीच सांगितलं पण आकाशवाणीवरून अधिकृत कळलं ते संध्याकाळी सहाला. आमच्या वाडीत ट्रान्झिस्टर दोनच. खळ्यात भातझोडणी चाललेली आणि वस्तीच्या एसटीचा कंडक्टर गाडी लावून सरळ आमच्या खळ्याकडे आला, येताना टोपी काढून हातात घेतलेली, आजोबांच्या जवळ जाऊन हळू आवाजात बोलला. आजोबांनी उचललेला भारा खाली ठेवला. त्या रात्री निम्मी वाडी आमच्या पडवीत बसून होती, कोणी फार बोलत नव्हतं पण घरी जायलाही कोणी उठत नव्हतं. किल्लारीचा भूकंप झाला त्या सकाळीही तसंच, आदल्या रात्री विसर्जन करून आलेली माणसं रेडिओभोवती गोळा झाली आणि दुपारपर्यंत पोत्यात तांदूळ जमायला लागले.

पण जुनं ते सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. माझी आजी रामदास बोटीचं सांगायची. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, बोटीवर वायरलेस नाही त्यामुळे वाचलेले पोहत किनाऱ्याला लागले तेव्हा कुठे मुंबईला कळलं. तोपर्यंत रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमतील तेवढी माणसं काढली होती. बातमी उशिरा पोचली म्हणून माणसं जातात हे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. म्हणून फोन वाईट, ग्रुप वाईट असं मी बोलणार नाही.

माझं म्हणणं सावित्रीवरून आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि इतर गाड्या नदीत गेल्या. पुलाजवळच्या एका माणसाच्या ते लक्षात आलं, त्याने येणाऱ्या गाड्या अडवल्या, पोलिसांना कळवलं, त्या माणसाने किती घरं वाचवली असतील.

आमच्या शेजारच्या काकींचा मुलगा भातलावणीला आला होता आणि त्याच रात्री मुंबईला निघालेला. दुसऱ्या गाडीने. सकाळी आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी आली, खाली कोणाचं नाव नाही, सही नाही, कुठून आली पत्ता नाही, आणि त्यात अकराव्या नंबरला त्याचं नाव, आडनाव, तालुका. काकींना वाचता येत नाही. त्यांनी नातवाला सांगितलं, बघ रे बाबू काय आलंय, आणि त्या आठ-नऊ वर्षांच्या पोराने ती यादी मोठ्याने वाचून दाखवली, अकरावं नावही तसंच वाचलं आणि मग थांबला. मी गेलो तेव्हा काकी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायाला शेतातला चिखल तसाच. साडेअकराला दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवरून मुलाचा फोन आला, गाडी पुलाच्या अलीकडेच अडवली, माझी बॅटरी गेली होती. यादी टाकणारा गप्प बसला. झालं.

संपादक साहेब, ती यादी मीही मुंबईच्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पाठवली होती. काळजीने पाठवली, पण एक फोन लावून विचारलं नाही. मी काकींना अजून हे सांगितलेलं नाही, या पत्रातून सांगतोय, उद्या पेपर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.

26/11 ला चॅनेलवाल्यांनी कमांडोंची कारवाई लाइव्ह दाखवली, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये त्यावर कडक शब्दात सुनावलं, 2015 मध्ये केबलच्या नियमात बदल करून अशी कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायला बंदी आली. म्हणजे ठरवलं तर थांबता येतं. मग मेलेल्या माणसाचं नाव आणि फोटो घरच्यांना कळायच्या आत फिरवायचा नाही, एवढं का ठरवता येत नाही? कोकणात घरटी एक माणूस मुंबईला. महामार्गावर, लोकलमध्ये, कुठेही काही झालं की इकडे शंभर घरात चूल थंड होते. अशा वेळी पोलीस पाटील नाहीतर नात्यातलं माणूस दारात येऊन सांगेल, शेजारी बसेल, पाणी देईल, तसं सांगणं स्क्रीन करू शकत नाही.

तुमच्या पेपरच्या मोबाईलवरच्या पेजवरही अपघातानंतर तासाभरात नावं येतात. त्याऐवजी आधी गाडीचा नंबर, सुटायची वेळ आणि चौकशीचा फोन नंबर मोठ्या अक्षरात टाका, नावं प्रशासनाने दिली की मगच. काकी आता मुलगा निघाला की एसटीचा नंबर कॅलेंडरवर नातवाकडून लिहून घेतात.

आपला नियमित वाचक,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी