परसातल्या कोंबड्यांचा हिवताप नजरेतून सुटतो

महोदय,

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांनाही हिवताप होतो. तो माणसाला होत नाही, हे आधी सांगितलेले बरे. प्लास्मोडियम गॅलिनेशियम आणि प्लास्मोडियम जक्स्टान्यूक्लिअर हे त्याचे मुख्य परजीवी. ते प्रामुख्याने क्युलेक्स व एडिस जातींच्या डासांमार्फत पसरतात. माणसाचा हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासांवर भर देणारी मोहीम इथे कामाची नाही.

निदान मात्र फसवे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते, त्यामुळे नवख्याला तेच परजीवी वाटते किंवा त्याला चिकटून बसलेला जक्स्टान्यूक्लिअर दिसतच नाही. पंखाच्या शिरेतून एक थेंब घ्यावा आणि काचपट्टीवर पातळ थर तिथल्या तिथे ओढावा. थर वाळल्यावर मिथेनॉलमध्ये तीन मिनिटे स्थिर करावा, मग दहा टक्के जिम्सा या रंगद्रावणात अर्धा तास ठेवावा. रक्त बाटलीत रेंगाळले तर परजीवींचे रूप बदलते. पट्टी सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपट तेल-भिंगाखाली, पेशी सुट्या पडलेल्या कडेला तपासावी. जुन्या संसर्गात परजीवी इतके विरळ असतात की पट्टी कोरी निघते, पण पीसीआरमध्ये (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत) तीच कोंबडी बाधित ठरते. म्हणून नुसत्या पट्टीवरून काढलेले प्रमाण कमीच येते.

फिकट तुरा, हिरवट विष्ठा, पिल्लांना लुळेपणा दिसला की सरसकट मानमोडीचे (राणीखेत या विषाणूजन्य रोगाचे) नाव घेतले जाते. गॅलिनेशियम मेंदूच्या केशवाहिन्यांतही वाढतो, त्यानेही पाय लुळे पडतात. खुराड्याला सूर्यास्तापूर्वी बारीक जाळी लावावी, पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत.

— एक पशुवैद्यक