थायरॉईडची गोळी आणि 'मुळासकट बरा'वाल्या जाहिराती

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेले काही रविवार आपल्या पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात येतेय, थायरॉईड मुळासकट बरा, गोळी कायमची बंद, तीन महिन्यांचा पावडरचा कोर्स वगैरे. माझं कराडला मेडिकल आहे आणि ती जाहिरात कापून काउंटरवर घेऊन येणारे वाढलेत म्हणून लिहितोय. पावडरीत काय आहे त्यावर मी बोलत नाही, पण ती 'लागू पडली' असं लोकांना का वाटतं ते मात्र सांगायला पाहिजे, कारण खरी मेख तिथेच आहे.

थायरॉक्सिनची गोळी, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी पडली की तिचंच हार्मोन बाहेरून देणारी गोळी, आज बंद केली तर उद्या काहीच होत नाही. रक्तातलं हे औषध निम्मं व्हायलाच साधारण आठवडा जातो, त्यामुळे माणूस गोळी सोडतो, पावडर चालू करतो आणि पुढचे दोन-तीन आठवडे त्याला काहीच जाणवत नाही, वर कोणी पंधरा दिवसांत टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, ग्रंथी कमी पडली की याचा आकडा वाढतो) करून बघितला तरी तो पुरता वाढलेला दिसत नाही कारण त्याला नवीन जागी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. झालं, फॅमिली ग्रुपवर मेसेज, माझा थायरॉईड गेला! मग हळूहळू चेहरा सुजतो, बद्धकोष्ठ, सारखी थंडी वाजते, पाळी बिघडते, जिना चढवत नाही, आणि तोपर्यंत पावडर विसरलेली असते, दोष जातो वयाला.

आता खरं ते पण सांगतो, काहींची गोळी बंद होते. बाळंतपणानंतर थायरॉईडला सूज येऊन बिघडलेला टीएसएच बऱ्याच जणींचा वर्षभरात जाग्यावर येतो. आणि हल्ली फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये टीएसएच असतोच, तो पाच-सहा, म्हणजे मर्यादेच्या जरा वर, आला की लोक घाबरतात, पण टी फोर (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल असेल तर डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी परत करायला सांगतात आणि कितीतरी जणांचा तो आपोआप खाली आलेला असतो. पावडरवाल्यांचे 'बरे झालेले पेशंट' याच्यातलेच बरेच असणार असं माझं मत. पण ज्यांना हाशिमोटो आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलीय, ग्रंथीच दमत चाललीय, किंवा ऑपरेशनने पूर्ण ग्रंथी काढलीय, त्यांचं काय मुळासकट बरं करणार?

आणखी एक घोळ रोज बघतो. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड जास्त झाला असं लोक धरून चालतात. ते उलट आहे. ग्रंथी सुस्तावली की मेंदूतली पिट्युटरी तिला जोरात हाका मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. आणि गोळीवर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे डोस बरोबर बसलाय, एवढंच. 'नॉर्मल आला म्हणून बंद केली' हे वाक्य मी ऐकलं नाही असा आठवडा जात नाही.

सगळ्यात जास्त जीव घाबरतो तो दिवस राहिल्यावर गोळी सोडणाऱ्या पोरींसाठी. घरातली मोठी माणसं प्रेमापोटीच सांगतात, पोटात बाळ आहे, इंग्लिश औषधं नको. अहो पण सुरुवातीचे महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, मेंदूच्या वाढीसाठी ते आईच्याच हार्मोनवर असतं, आणि म्हणून या काळात डॉक्टर डोस बहुतेक वेळा वाढवतात. सोडायची तर बातच नाही, उलट दिवस राहिल्याचं कळलं की लगेच फोन करायचा.

घ्यायची पद्धतही कोणी नीट सांगत नाही. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी, तास झाला तर उत्तम. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर. बायकांच्या चिठ्ठीवर या तिन्ही गोळ्या एकत्र असतात आणि तिन्ही सकाळी एकदमच घशाखाली जातात, थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, मग डोस वाढवत बसायचं. केस गळतात म्हणून बायोटिन (एक व्हिटॅमिन) चालू असेल तर काही लॅबमध्ये थायरॉईडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, टेस्टच्या आधी ते दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. कोबी-फ्लॉवर मात्र शिजवून खुशाल खा, त्या भाज्यांची उगाच बदनामी झालीय.

आणि शेजारणीची गोळी घेऊ नका. तुमची ग्रंथी जास्त काम करत असेल, म्हणजे वजन उतरतंय, हात थरथरतात, छाती धडधडते, तर थायरॉक्सिन म्हणजे आगीत तेल. त्या आजाराला कार्बिमाझोल देतात, आणि ते चालू असताना ताप आला, घसा दुखला तर घरात काढा पीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर येतं.

साहेब, २०१३ साली छापून आलेल्या आठ शहरांच्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांचा थायरॉईड कमी निघाला होता, मुंबई त्यात होती. म्हणजे तुमच्या वाचकांत हे पेशंट किती असतील बघा. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे त्या यादीत गलगंडाचं, म्हणजे थायरॉईड ग्रंथी वाढून गळा फुगण्याचं, नाव आहे, तुमच्या जाहिरात विभागाने ती यादी एकदा काढून बघावी. थायरॉक्सिन दिवसाला दोन रुपयांच्या आसपास पडतं, म्हणून त्याची अर्धं पान जाहिरात कोणी देणार नाही, ते कळतं. पण २५ मेला जागतिक थायरॉईड दिन असतो, त्याच्या आसपासच्या रविवारी तेवढीच जागा एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांना, द्या, वाचकांचे प्रश्न घ्या. प्रश्न कमी पडले तर मी पाठवतो.

कळावे,
आपला एक वाचक, कराड