‘सगळे इंटरनेटवर आहे’ म्हणणाऱ्यांस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बिटकॉइनवरचा पानभर लेख वाचला. भावाचा आलेख सुबक होता, ३० टक्के कराचे गणितही बरोबर होते. डोके फिरले ते शेवटच्या परिच्छेदाने. बिटकॉइन २००९ साली एका जपानी अभियंत्याच्या डोक्यातून निघाले, आणि त्यामागचा विचार कोणाला जाणून घ्यायचाच असेल तर सगळे इंटरनेटवर आहे, असे लिहून लेखकमहाशयांनी हात झटकले आहेत. बिटकॉइनचा निर्माता म्हणून ‘सातोशी नाकामोतो’ हे फक्त टोपणनाव माहीत आहे; तो जपानी आहे की नाही, अभियंता आहे की नाही, एक माणूस आहे की चौघे, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. आपल्या लेखकाला ते कुठून कळले हे त्यांनी छापले असते, तर जगभरच्या वार्ताहरांवर उपकार झाले असते.

ते एक वेळ सोडून देऊ. पण ‘सगळे इंटरनेटवर आहे’ हे वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे, आणि त्यानंतर काय होते तेही पाहिले आहे.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. (नाव लिहीत नाही, तिथली काही मंडळी अजून सकाळी फिरताना भेटतात.) महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायची होती, नव्या संगणक कक्षाला जागा हवी होती, आणि परदेशी नियतकालिकांचे बांधीव खंड दोन भिंती अडवून उभे होते. कोणती पुस्तके काढून टाकायची ते ठरवणाऱ्या निर्लेखन समितीची बैठक झाली. बैठक म्हणजे चहा, बटाटेवडा आणि आधीच टाइप करून आणलेला ठराव. मी म्हटले, निदान एसीएम या अमेरिकी संगणकशास्त्र संस्थेचे खंड राहू द्या. त्यावर एक विभागप्रमुख हसून म्हणाले, “अहो, कुठल्या जमान्यात आहात? सगळं ऑनलाइन असतं आता.” मी पुढे काही बोलेपर्यंत ठरावावर सह्या होऊन कागद शिपायाच्या हातात गेलाही होता.

त्या खंडांत ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’चा ऑक्टोबर १९८५ चा अंक होता. त्यात गुप्तलेखनशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड चॉम यांचा ‘सिक्युरिटी विदाउट आयडेंटिफिकेशन’ हा लेख आहे. संगणकावरून पैसे द्यायचे, पण कोणी कुठे किती खर्च केले याचा माग बँकेलाही लागू नये, याची रीतसर योजना चॉम यांनी त्यात मांडली आहे. संगणकीकरणामुळे आपली माहिती कोण कशी वापरतो यावरचा माणसाचा ताबा सुटत चालला आहे, हा इशारा लेखाच्या सुरुवातीलाच आहे. साल १९८५! आपण तेव्हा बँकेत पितळी टोकन मुठीत धरून बाकावर बसत होतो. आमच्या प्रतीत या लेखाच्या समासात कोणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने लिहिले होते, ‘पण रिझर्व्ह बँक काय म्हणेल?’ त्या मुलाचा पत्ता मिळाला असता तर त्याला बँकांना आभासी चलनांचे व्यवहार करू नका सांगणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक आणि ते रद्द करणारा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही पाठवले असते.

टेम्पो आला. रद्दीवाल्याने खंड वजनकाट्यावर चढवण्याआधी प्रत्येकाचे पुठ्ठे टराटरा ओढून काढले, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा. दाखल नोंदवहीत ‘निर्लेखित’ हा शेरा लाल शाईने मलाच मारावा लागला. पुढे अंदाजपत्रकात काटछाट झाली आणि त्या ‘ऑनलाइन’ची वर्गणीही भरली गेली नाही. म्हणजे कागदही गेला आणि पडदाही. एसीएमने १९५१ ते २००० पर्यंतचे आपले सगळे लेखन २०२२ मध्ये सर्वांना खुले केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मधल्या वर्षांत आमच्याकडून शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी चॉम हे नावही ऐकले नाही, त्याचे काय? त्यांतलीच काही मुले आज कॉइनच्या टिप्स देत असतात.

आता संपादक महोदय, आपल्या धंद्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. ती त्या लेखात यायला हवी होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९१ साली बेलकोर या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी एक निबंध लिहिला. प्रश्न साधा होता. संगणकावरचा कागद अमुक तारखेलाच तयार झाला, मागाहून खाडाखोड झालेली नाही, हे सिद्ध कसे करायचे? त्यांचे उत्तर कोणत्याही ग्रंथपालाला लगेच कळेल. आमच्या दाखल नोंदवहीत अनुक्रमांक सलग असतात, मधले पान फाडले तर चोरी उघडी पडते. त्यांनी यात भर घातली ती अशी, की प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा गणिती ठसा (मजकुरावरून काढलेला आकडा, मजकूर जरा बदलला की बदलणारा) गुंफायचा. मधली एक नोंद बदलली की पुढचे सगळे ठसे चुकतात. बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंदवही, ब्लॉकचेन म्हणून आज जी मिरवली जाते, तिचा गाभा हाच. आणि नोंदवहीचा मालकच लबाड निघाला तर? त्यावरचा तोडगा होता वर्तमानपत्र! त्यांच्या ‘शुअरटी’ या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याला एकूण नोंदींचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत, ‘हरवले-सापडले’च्या रकान्यात छापायला सुरुवात केली. अक्षरांची आणि आकड्यांची एक निरर्थक दिसणारी ओळ. पण लाखो घरांत आणि शेकडो ग्रंथालयांत गेलेला अंक कोण बदलणार? आपल्याकडे ‘नावात बदल’ आणि ‘जाहीर नोटीस’ छापतात त्याच तोडीची ती जागा.

बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या सातोशीच्या २००८ च्या निबंधातही हा ठसा वर्तमानपत्रात छापण्याचा उल्लेख आहे. निबंध नऊ पानांचा, शेवटी संदर्भ आठ, त्यांतले तीन हेबर-स्टॉर्नेटा यांच्या कामाचे. सर्वांत जुना संदर्भ १९५७ चा, विल्यम फेलर यांच्या संभाव्यताशास्त्राच्या पुस्तकाचा. ते आमच्याकडे होते, मुलांनी हाताळून पाने कापडासारखी मऊ केलेले. सुदैवाने ते पाठ्यपुस्तकांच्या कपाटात असल्याने टेम्पोत गेले नाही. बिटकॉइनच्या पहिल्या ब्लॉकमध्येही (ब्लॉक म्हणजे नोंदींचा एक गठ्ठा) लंडनच्या ‘द टाइम्स’चा ३ जानेवारी २००९ चा मथळा कोरलेला आहे, अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा तारण्याच्या बेतात असल्याचा. त्या दिवसाआधी हा ब्लॉक तयार झालेला नव्हता, याचा तो पुरावा. अंकाची फाइल कुठेतरी बांधून ठेवलेली आहे म्हणून तो पुरावा टिकतो.

आणखी एक. संगणकतज्ज्ञ वे दाई यांनी १९९८ मध्ये डिजिटल पैशाविषयी ‘बी-मनी’ नावाचे टिपण लिहिले होते. ऑगस्ट २००८ मध्ये सातोशीने त्यांना ई-मेल करून विचारले की तुमचे हे टिपण कोणत्या साली प्रसिद्ध झाले, मला संदर्भ द्यायचा आहे. स्वतःचे नाव लपवणारा माणूस दुसऱ्याचे साल चुकू नये म्हणून पत्र लिहितो, आणि आपले लेखक स्वतःचे नाव व छायाचित्र छापून एकही साल धड देत नाहीत. (सातोशीवरही माझा राग आहे. त्याच्या संदर्भसूचीत चॉम नाहीत, डिजिटल पैशावर आधीच लिहिणारे निक साबो नाहीत, २००४ मध्ये पुन्हा वापरता येणारा ‘कामाचा पुरावा’, म्हणजे संगणकाने कष्टाचे गणित सोडवल्याची खूण, बनवणारे हॅल फिनीही नाहीत. आमच्याकडे पीएच.डी.च्या प्रबंधात हे चालवून घेतले नसते. पण निदान त्याने विचारले तरी.)

‘सगळे इंटरनेटवर’ कसे असते तेही सांगतो. साबो यांचे नव्वदच्या दशकातले निबंध ज्या मूळ पत्त्यावर होते तो आता उघडत नाही. इतरांनी उतरवून ठेवलेल्या प्रतींवर भागवावे लागते. संकेतलेखनाने खासगीपण जपू पाहणाऱ्या सायफरपंक मंडळींचा १९९२ नंतरचा पत्रव्यवहार वाचायला मिळतो तो सभासदांनी आपापल्याकडे प्रती जपल्या म्हणून. सातोशीच्या निबंधाची जी प्रत आज सगळीकडे फिरते ती मार्च २००९ ची आहे, ऑक्टोबर २००८ ची नव्हे, हे किती जणांना माहीत आहे? २०२१ मध्ये तर क्रेग राइट या गृहस्थांनी ‘सातोशी मीच’ म्हणत वकिलांमार्फत हा निबंध संकेतस्थळांवरून काढायला लावला. एकाने मुकाट काढला. दुसरा कोर्टात हजर झाला नाही, तेव्हा लंडनच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश दिला. पुढे मार्च २०२४ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने राइट हे सातोशी नाहीत असा निकाल दिला, आणि मे महिन्यातल्या लेखी निकालपत्रात त्यांनी मोठ्या प्रमाणावर बनावट कागद सादर केल्याचेही नोंदवले. निबंध ‘लाटेक’ या लेखन-प्रणालीत लिहिला असे राइट सांगत होते, जुन्या प्रतींच्या पोटात मात्र ‘ओपनऑफिस’ या दुसऱ्याच प्रणालीची खूण होती. जुन्या प्रती कोणी जपल्या नसत्या तर ही खूण दाखवायची कशावरून?

हे सगळे आपल्या पुरवणीत पूर्वी कधी आले होते का, म्हणून आपल्याच संकेतस्थळावर शोधले. मला नोटाबंदीच्या सुमारास आपल्याकडे छापून आलेला एक चांगला लेख आठवत होता. शोधात त्याचा मथळा सापडला. त्यावर दाबले की मुखपृष्ठ उघडते आणि केसगळतीवरचा उपाय दिसतो. ई-पेपरच्या जुन्या अंकांचे पान ‘लवकरच येत आहे’ असे म्हणते, आणि ते बरीच वर्षे लवकरच येत आहे. आपल्या कार्यालयातल्या बांधीव फायली तरी जागेवर आहेत ना? नसतील तर कोणत्या रद्दीवाल्याकडे गेल्या ते कळवावे.

विनंती दोनच. पुढच्या रविवारी चॉम १९८५, हेबर-स्टॉर्नेटा १९९१ आणि दाई १९९८ एवढी तीन नावे सालांसकट दुरुस्ती म्हणून छापावीत. आणि हे पत्र जागेअभावी कापायचे असेल तर बटाटेवडा कापावा, साले कापू नयेत. मागच्या वेळी माझ्या पत्रातली नेमकी आकडेवारी उडवून ‘स. न. वि. वि.’ मात्र शाबूत ठेवले होते.

ता. क. शनिवारच्या शब्दकोड्याचे उत्तर सोमवारी देऊ असे छापता. या सोमवारी त्या जागी दोन बीएचके फ्लॅटची जाहिरात होती. १४ उभे काय होते?

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे ३०